'अबव्ह' आणि श्रोत्याचे वय

१९८०च्या दशकात अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या सिएटल शहरात हेवी मेटलचा जडपणा आणि पंकचा राकटपणा यांच्या मिश्रणातून जी रॉकशैली आकाराला आली, तिला ग्रंज म्हणतात. त्या शैलीतील बरेचसे संगीत तरुणपणीच ऐकून संपते. 'मॅड सीझन'चा 'अबव्ह' हा अल्बम मात्र श्रोत्याच्या वयाबरोबर निराळा ऐकू येत जातो.

'मॅड सीझन' हा सुपरग्रुप, म्हणजे निरनिराळ्या गटांत आधीच नाव कमावलेल्या कलावंतांनी मिळून उभा केलेला गट. अशा गटांत कसबाची चढाओढ बहुधा ठरलेलीच असते. येथे ती नाही. 'पर्ल जॅम'चा गिटारवादक माइक मॅक्रेडी मिनेसोटातील व्यसनमुक्ती केंद्रात असताना त्याची बेसवादक जॉन बेकर सॉन्डर्सशी गाठ पडली आणि १९९४मध्ये सिएटलला या दोघांनी 'स्क्रीमिंग ट्रीज'चा ड्रमवादक बॅरेट मार्टिन व 'ॲलिस इन चेन्स'चा गायक लेन स्टेली यांना सोबत घेतले. हेरॉइनच्या विळख्यात सापडलेल्या स्टेलीला व्यसन सोडलेल्यांची संगत मानवेल, ही मॅक्रेडीची आशा होती.

मार्च १९९५मध्ये आलेल्या या अल्बमकडे विशीतला श्रोता स्टेलीच्या आवाजासाठी वळतो, कारण त्या आवाजातल्या वेदनेमुळे त्याच्या स्वतःच्या किरकोळ दुःखांनाही भारदस्तपणा येतो, आणि त्या वयात हे क्षम्यच आहे. चाळिशीत मात्र त्याच श्रोत्याचे कान खाली, बेसच्या खर्जाकडे जातात. 'वेक अप' या पहिल्याच गाण्यात बेसची संथ आवर्तने चालू राहतात, त्यांवर व्हायब्राफोन हे धातूच्या पट्ट्यांचे वाद्य किणकिणते आणि गिटार अंगावर येण्याची घाई करत नाही. सॉन्डर्सची जडणघडण ब्लूजमध्ये, म्हणजे आफ्रिकी-अमेरिकी लोकांच्या मोजक्या सुरांत दुःख मांडणाऱ्या गानपरंपरेत झाली होती, आणि दोन सुरांमधली जागा मोकळी सोडण्याचे त्याचे शहाणपण हाच या अल्बमचा कणा आहे. 'लाँग गॉन डे'मध्ये 'स्क्रीमिंग ट्रीज'चा गायक मार्क लॅनेगन याचा घोगरा खर्ज स्टेलीच्या आवाजाला येऊन मिळतो आणि सॅक्सोफोनमुळे गाणे रॉकपेक्षा जॅझकडेच अधिक झुकते. संपूर्ण अल्बममधले हे सर्वांत परिपक्व गाणे.

मॅक्रेडीची आशा फळाला आली नाही. सॉन्डर्स १९९९मध्ये आणि स्टेली २००२मध्ये अमली पदार्थांच्या अतिसेवनाने गेला. हे ठाऊक असलेल्या श्रोत्याला स्टेलीची गाणी भाकितासारखी वाटू लागतात, पण तसे ऐकणे त्या संगीतावर अन्याय करणारे आहे, कारण ध्वनिमुद्रणाच्या वेळी हे चौघे शेवट नव्हे, सुरुवात करत होते.

२०१३च्या विस्तारित आवृत्तीत अपुऱ्या राहिलेल्या तीन गाण्यांना लॅनेगनने आवाज दिला. ती गाणी चांगली आहेत, परंतु नव्या श्रोत्याने आधी १९९५ची मूळ दहा गाणी, त्याच क्रमाने, ऐकावीत.