पहाऱ्यावरचा रांजण

बीजिंगच्या निषिद्ध नगरीत दक्षिणेच्या दरवाजातून शिरलेला माणूस बराच वेळ वर पाहतच चालतो. पिवळी चकचकीत कौलं, लाल भिंती, छपरांच्या उतारावर ओळीनं बसवलेले प्राणी, सगळी श्रीमंती वरच्या अंगाला. मग ताइह महालाच्या कडेला पाय दुखले म्हणून तो थांबतो, आणि कोपराशी धातूचं एक भलंमोठं पोट येतं. तिथं या गृहस्थाची ओळख होते.

रांजणच तो. तोंड दीड मीटरहून रुंद, उंची साधारण माणसाच्या छातीइतकी, वजन दीड टनाच्या पुढे. अंग कांस्याचं, वर सोन्याचा मुलामा. दोन बाजूंना दोन उग्र श्वापदमुखं, आणि त्यांच्या जबड्यांत जाडजूड कड्या. पोटावर उठावात काढलेल्या चौकटीत अक्षरं आहेत: हा चिंग घराण्यातल्या चियानलुंग बादशहाच्या काळात घडवला गेला. म्हणजे अठराव्या शतकातला. चिंग काळातल्या हिशेबाप्रमाणे राजवाड्यात असे लहानमोठे 308 रांजण होते. दरबारच्या मोठ्या महालांपुढे सोनेरी मुलाम्याचे, मागच्या महालांच्या चौकांत आणि गल्ल्यांत साध्या कांस्याचे नि लोखंडाचे. माणसांची उतरंड रांजणांनाही लागू होती.

आपल्याकडे ओसरीवर रांजण असायचा तो आल्यागेल्याची तहान भागवायला. या रांजणातलं पाणी कुणी प्यायचं नव्हतं. ते फक्त असायला हवं होतं. काठोकाठ, बारा महिने, चोवीस तास. कारण ज्याच्या दारात तो उभा होता त्याला जगात एकाच शत्रूची खरी धास्ती होती. तटाची भिंत दहा मीटर उंच होती, खंदक बावन्न मीटर रुंद होता, पण आग ना भिंत ओलांडते ना खंदक. ती आतच जन्माला येते.

हा सगळा पसारा लाकडाचा आहे हे दगडी चौथऱ्यांच्या डौलात विसरायला होतं. मिंग घराण्यातल्या योंगले बादशहानं 1406 साली काम काढलं, नैऋत्येच्या दूरच्या जंगलांतून नानमू जातीचे प्रचंड वृक्ष नद्यांवरून वाहत आणवले, आणि 1420 साली नगरी उभी राहिली. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, 1421च्या फेब्रुवारीत, मोठा दरबार भरला. त्याच मे महिन्यात वीज पडली आणि मधले तिन्ही मुख्य महाल एका रात्रीत जळाले. तैमूरचा मुलगा शाहरुख यानं पाठवलेलं शिष्टमंडळ त्या वेळी बीजिंगमध्येच होतं, आणि त्यातल्या गियासुद्दीन नक्काशनं त्या आगीचं वर्णन लिहून ठेवलं. चौदा वर्षांची तयारी आणि जेमतेम तीन महिन्यांचा उपभोग! बादशहानं याला आकाशाची नाराजी मानलं, आपलं काय चुकलं ते सांगा म्हणून अधिकाऱ्यांना फर्मान काढलं. महाल मात्र त्याच्या हयातीत पुन्हा उभे राहिले नाहीत, त्याला वीस वर्षं जावी लागली. पुढे 1557 आणि 1597 साली ते परत जळाले. आज आपण त्यांतला जो ताइह महाल पाहतो तो 1695चा.

एवढं सोसलेल्या घराण्यांनी आगीवर सुचेल तो इलाज केला. छपराच्या आढ्यावर दोन टोकांना जलचर राक्षस बसवले, ते पाऊस आणतात या श्रद्धेनं. चियानलुंगनं ग्रंथालय बांधलं तेव्हा त्याची कौलं पिवळी न घेता काळी घेतली, कारण पाच तत्त्वांच्या चिनी विचारात काळा हा पाण्याचा रंग. पुस्तकांवर पाण्याची सावली असावी, ही कल्पना मला फार सुंदर वाटते. राजवाड्यात विहिरी होत्या, आतून वाहणारी वळणदार नदी होती, हातपंप चालवणारं आग विझवण्याचं स्वतंत्र पथकही होतं. पण ठिणगी उडाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत हाताशी काय आहे, या प्रश्नाला उत्तर एकच होतं: दारात भरून ठेवलेला रांजण.

रांजणाचा खरा कस लागायचा तो हिवाळ्यात. बीजिंगची थंडी कोरडी आणि कडाक्याची असते. पारा शून्याखाली गेला की राजवाड्याच्या पाण्याचा दगड होतो, आणि दगडानं आग विझत नाही. म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस, चिनी पंचांगात लहान हिमाचा दिवस आला की नोकरांची धावपळ सुरू व्हायची. रांजणांना बाहेरून कापूस भरलेली जाड दुलई गुंडाळायची, वर झाकण घालायचं. एवढ्यानं भागलं नाही तर खाली विस्तव. रांजण जमिनीवर टेकलेला नाही, तो दगडी बैठकीवर उचललेला आहे, आणि खालच्या पोकळीत कोळसे पेटवायची सोय आहे. कडाका पडला की तिथं निखारे ठेवायचे, ते विझू द्यायचे नाहीत आणि भडकूही द्यायचे नाहीत. हा क्रम मार्चच्या सुरुवातीपर्यंत, जमिनीखालचे किडे जागे होण्याच्या मुहूर्तापर्यंत चालायचा.

इथं जरा थांबून पाहावं असं आहे. आग विझवायचं पाणी पातळ राहावं म्हणून त्याच्याखाली आग ठेवायची, तीही लाकडी महालाच्या पायरीशी! रात्रीच्या वाऱ्यात त्या निखाऱ्यांवर नजर ठेवत बसलेल्या नोकरांची नावं कुठल्या बखरीत नाहीत. चोवीस बादशहांची नावं तिथल्या प्रत्येक मार्गदर्शकाला पाठ असतात. मला त्या राखणदारांचं काम मोठं वाटतं. काहीही घडू न देणं हेच ज्याचं काम, त्याच्या यशाची नोंद होत नाही.

अपयशाची मात्र होते. 1889च्या जानेवारीत, ग्वांगशू बादशहाचं लग्न महिनाभरावर आलेलं असताना, एका दरवाजातल्या खांबावर टांगलेल्या दिव्यानं पेट घेतला. आग सरकत सरकत ताइह महालासमोरच्या महाद्वारापर्यंत गेली आणि ते पार जळून गेलं. थंडीनं नदी गोठलेली. असल्या वणव्यापुढे रांजणभर पाण्याचं बळ ते किती! वधूची पालखी तर त्याच वाटेनं यायची होती, आणि मुहूर्त बदलणं अशुभ. तेव्हा बीजिंगच्या कारागिरांनी कागद, बांबू आणि कापडाचं हुबेहूब महाद्वार रचलं आणि लग्न पार पडलं. खरा दरवाजा पुढे 1894मध्ये बांधून झाला. पुढे 1923 साली, राज्य गेलेला शेवटचा बादशहा पुयी अजून आत राहत होता तेव्हा, वायव्येकडचा जियानफू महालाचा बाग-परिसर जळाला. त्या वेळी विझवायला धावून आला तो इटालियन वकिलातीचा बंब. रांजणांचा जमाना सरला होता.

आता त्याच्या अंगावरच्या जखमांकडे यायला हवं, कारण त्या न पाहता पुढे गेलं तर त्याची भेट झालीच नाही म्हणायचं. मुलामा चढवायची रीत अशी: सोनं पाऱ्यात मिसळून त्याचा लगदा करायचा, तो कांस्यावर फासायचा, मग ताप द्यायचा. पारा उडून जातो, सोन्याचा पातळ थर धातूला घट्ट धरून राहतो. हा थर नखानं निघत नाही, त्याला पातं लागतं. जवळ जाऊन पाहिलं की चौकटीच्या भोवती, कड्यांच्या खाली, पोटाच्या फुगवट्यावर शेकडो आडव्यातिडव्या रेघा दिसतात, वरून खाली घाईनं ओढलेल्या. मधेमधे खोबणीत सोनं अजून चमकतं, बाकी ठिकाणी मातकट कांस्य उघडं पडलंय. 1900 साली परकीयांविरुद्धचं बॉक्सरांचं बंड मोडायला आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये घुसल्या. त्यांच्या सैनिकांनी संगिनींनी हे सोनं खरवडून नेलं असं तिथं सांगितलं जातं. त्या फौजांत ब्रिटिशांच्या झेंड्याखाली हिंदी पलटणीही होत्या, हे आपण विसरू नये. रांजण उचलून नेणं शक्य नव्हतं म्हणून त्याची कातडी नेली. प्रत्येक रेघेतून हातात आली असेल ती चिमूटभर पूड. तेवढ्यासाठी माणूस ओतीव धातूच्या भिंतीवर पातं घासत राहतो, हे पाहून अंगावर काटा येतो.

पुढची पाळी आणखी वाईट होती. 1925 साली राजवाड्याचं संग्रहालय झालं, रांजण लोकांचे झाले. पण जपानी अंमलात, 1944 साली, युद्धासाठी धातू हवा म्हणून कितीतरी कांस्याचे रांजण इथून हलवले गेले. वितळून त्यांच्या गोळ्या व्हायच्या होत्या. युद्ध संपल्यावर काही रांजण तिआनजिनमध्ये सापडले, मोडकेतोडके, आणि परत आणले गेले. बाकीचे गेले ते गेलेच.

आज ते कोरडे असतात. आगीची काळजी आता जमिनीखालचे नळ, धूर ओळखणारी यंत्रं आणि दाराशीच काडेपेट्या काढून घेणारे पहारेकरी वाहतात. गर्दीच्या दिवशी हजारो माणसं रांजणाला पाठ लावून फोटो काढतात. मुलं श्वापदाच्या जबड्यातली कडी हलवू पाहतात. हातांच्या उंचीवर त्यामुळे एक गुळगुळीत पट्टा तयार झाला आहे, खरवडलेल्या रेघांच्या वरून फिरलेला. सोनं काढून नेणारे हात आणि हे हात यांत मला फरक वाटतो. हे काही नेत नाहीत.

तिथं गेलात तर मुख्य रस्त्यावरच्या सोनेरी रांजणांवर समाधान मानू नका. चियानचिंग दरवाजाच्या आत, पूर्वेच्या नि पश्चिमेच्या महालांकडे जाणाऱ्या लांब गल्ल्यांत वळा. तिथं मिंग काळच्या घडणीचे लोखंडी रांजण आहेत: वर पसरट, खाली निमुळते, कानांना साध्या कड्या, श्वापदं नाहीत, सोनं नाही. चिंग रांजणाला पोट आहे, याला फक्त खांदे. गंज चढून त्याचा रंग भिजल्या मातीसारखा झालाय. त्याच्याकडे खरवडायला काही नव्हतं, म्हणून त्याचं अंग शाबूत आहे. बांधणीतही तो मला सरस वाटतो: रुंद तोंडात एका वेळी दोनतीन बादल्या बुडतात, आणि आग लागली असताना बाकी कशाची गरज नसते.