कंटाळवाणे तास

प्रवेशाच्या मुलाखती संपल्या. "पत्रकारितेलाच का?" या प्रश्नावर बहुतेकांना समाजासाठी काहीतरी करायचं होतं. त्यातल्या निम्म्यांना ते कॅमेऱ्यासमोर उभं राहून करायचं होतं. एकानं मात्र सरळ सांगितलं, "सर, यूपीएससीची तयारी चालू आहे. तोवर पुण्यात राहायला वसतिगृह मिळेल." त्याला घेतला. त्या दिवशी आलेल्यांत रोजचा पेपर अग्रलेखासकट वाचणारा तोच एक होता.

*

मी डेस्कवर होतो तेव्हा "डिप्लोमावाला" ही जवळजवळ शिवी होती. पत्रकार शिकवून तयार होत नाही, असं जुनी मंडळी छातीठोकपणे सांगत. तेव्हा पुण्यात विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग चांगला मुरलेला होता. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये तो १९६४ पासून आहे. नागपूरला हिस्लॉप कॉलेजात हा विषय त्याहून आधी, १९५२ मध्ये सुरू झाला. आणखी मागे गेलं तर १९४१ मध्ये लाहोरला पंजाब विद्यापीठाचा विभाग निघाला. फाळणीनंतर तो दिल्लीत आला आणि शेवटी चंदीगडला स्थिरावला. अमेरिकेत मिसुरीत १९०८ मध्ये आणि न्यूयॉर्कला कोलंबियात, पुलित्झरच्या देणगीतून, १९१२ मध्ये पत्रकारितेची महाविद्यालयं उघडली होती. त्याच कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतलेल्या नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी 'सकाळ' काढला. त्यांना कुणी डिप्लोमावाला म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आणि मराठी पत्रकारितेचा आरंभ कुणी केला? मास्तरांनीच. बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये शिकवत. टिळक-आगरकरांची शाळा १८८० ची, 'केसरी' त्यानंतरच्या वर्षाचा. तेव्हा मास्तर पत्रं काढत. आता पत्रं सोडलेले लोक मास्तर होतात, त्यात मीही आलो.

*

माध्यम कायद्याचा तास दुपारी दोनला. वेळापत्रक लावणाऱ्याचा या विषयावर काही राग असावा.

पहिल्या तासाला प्रत्येकाला एक छापील पेपर आणायला सांगतो. (निम्मे जण येताना चौकातल्या स्टॉलवरून विकत घेतात. घरी पेपर येत नाही.) मग सांगतो, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं असलेली ओळ शोधा. पाच-सात मिनिटं पानं उलटण्याचा आवाज. ती पानाच्या तळाशी, डोळे फोडून वाचावी अशा टायपात सापडते. बातम्यांच्या निवडीची जबाबदारी वृत्तपत्र नोंदणीच्या पीआरबी कायद्यानुसार अमुक यांच्यावर, असंही तिच्यात असायचं. हा कायदा १८६७ चा. छापणाऱ्याचं नाव-गाव सरकारला हवं होतं. तो दीडशे वर्षांहून जास्त टिकला. २०२३ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला आणि १ मार्च २०२४ पासून लागू झाला. सरकारं बदलली, छपाई खिळ्यांवरून ऑफसेटवर आली, तरी बातमीला एक मालक असतो आणि कोर्टात त्याचं नाव पुकारलं जातं, ही गोष्ट कायम राहिली.

नंतर मोबाइलवरच्या कुठल्याही तीन बातम्यांच्या खाली हीच ओळ शोधायला लावतो. एकदा एका मुलीला तळाशी 'आमच्याशी संपर्क साधा' एवढंच मिळालं. ते दाबल्यावर रिकामं पान उघडलं. त्या दिवशी पुढचं व्याख्यान द्यावं लागलं नाही.

*

टिळक तुरुंगात गेले हे सगळ्या वर्गाला माहीत असतं. कशासाठी गेले, असं विचारलं की उत्तर येतं, "राजद्रोह." १८९७ चा आणि १९०८ चा खटला राजद्रोहाचाच होता. पण पहिला तुरुंगवास १८८२ मधला, तो अब्रुनुकसानीचा. इथे वर्ग गप्प होतो.

कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ चालला आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असं दाखवणारी काही पत्रं 'केसरी' आणि 'मराठा'कडे आली. ती छापली. बर्व्यांनी फिर्याद केली. पत्रं बनावट ठरली. मग टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. एकशे एक दिवसांनी सुटका झाली आणि डोंगरीच्या तुरुंगातल्या त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिलं.

या प्रकरणाला मी दोन तास देतो. अभ्यासक्रमात त्याला अर्धी ओळ आहे. बहुतेक पाठ्यपुस्तकं इथे देशभक्तीचा एक परिच्छेद टाकून पुढे जातात, आणि त्यात सगळं शिकण्यासारखं गाळलं जातं. तुमच्या हाती कागद आला. देणारा ओळखीचा आहे, कागदावर लिहिलेलं तुम्हाला आधीपासून खरं वाटतंय, आणि छापलं तर एका दुबळ्या माणसाचं भलं होणार आहे. आता काय कराल? टिळक-आगरकरांचा हेतू चांगला होता यात शंका नाही. कोर्टानं मात्र कागद पाहिला. वर्गाला विचारतो, कागद खरा की खोटा हे ठरवायला त्या काळी काय करता आलं असतं? अक्षर ताडून पाहणं, पत्रं कुणाच्या हातून कुणाकडे आली याचा माग काढणं, दिवाणांना छापण्याआधी विचारणं. मुलं स्वतःहून इथपर्यंत येतात. मग व्हॉट्सॲपवरच्या स्क्रीनशॉटचं काय करायचं, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

एकानं विचारलं, "सर, म्हणजे टिळक चुकले?" म्हटलं, उत्तरपत्रिकेत काय लिहायचं ते तू ठरव, फक्त पुरावा दे.

*

स्टुडिओचा तास तुडुंब. टेलिप्रॉम्प्टर चालवायलासुद्धा रांग. यात शिकवण्यासारखं आठ दिवसांचं आहे, अभ्यासक्रम त्याला पूर्ण सत्र देतो. असो.

*

सराव: चारशे शब्दांची प्रेसनोट ऐंशी शब्दांत आणणे. मान्यवरांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन, व्यासपीठावर उपस्थित बावीस नावं, प्रास्ताविक, मनोगत, आभार, पसायदान. हे सगळं काढल्यावर खाली बातमी उरली: गावात अभ्यासिका सुरू झाली. किती वाजेपर्यंत उघडी, फी किती, मुलींना रात्री बसता येईल का, यातलं काहीच प्रेसनोटमध्ये नव्हतं. एका मुलीनं आयोजकांना फोन केला. त्यांनी उत्साहानं पुन्हा बावीस नावं सांगितली.

*

श्रीलिपीत टाइप केलेली फाइल युनिकोडमध्ये नेली की जोडाक्षरांचा चुराडा होतो, हे आजच्या मुलांना ठाऊकच नाही. ती बोटानं मोबाइलवर लिहितात किंवा मोबाइलला बोलून दाखवतात. वेग चांगला आहे. पण बोलून लिहिलेल्या बातमीत आडनावं हमखास बिघडतात, आणि वाचक संपादकाला फोन करतो तो आडनावावरूनच.

*

संज्ञापन सिद्धान्त. या तासाला वर्गाचं तोंड बघवत नाही. शिकवायची उदाहरणं सगळी अमेरिकेची: लाझर्सफेल्डचं ओहायोमधलं १९४० च्या निवडणुकीचं संशोधन, मॅकॉम्ब्स आणि शॉ यांनी चॅपल हिलमध्ये मत न ठरलेल्या शंभर मतदारांना विचारलेले प्रश्न. मुलं लिहून घेतात आणि विसरतात.

यंदा आयोवातल्या मक्याची गोष्ट काढली. रायन आणि ग्रॉस यांनी १९४३ मध्ये छापलेला अभ्यास. संकरित मक्याची माहिती शेतकऱ्यांना पहिल्यांदा मिळाली ती बहुतेक बियाणं विकणाऱ्यांकडून, पण पेरायचं ठरलं ते शेजाऱ्याचं पीक पाहून. मागच्या बाकावरचा तासगावकडचा मुलगा एकदम जागा झाला. "सर, आमच्याकडे द्राक्षाचं असंच झालं." मग अर्धा तास तोच बोलला. तासगावची तास-ए-गणेश, सोलापूरजवळच्या नान्नजची सोनाका, दोन्ही थॉमसनमधून शेतकऱ्यांनीच निवडून काढलेल्या जाती. कृषी विभागाचं पत्रक वाचून बाग कुणी मोडत नाही. बांधावरून दोन हंगाम पाहतात, व्यापारी काय भाव देतो ते ऐकतात, मग कलमं मागायला जातात. पहिला लावणारा बहुधा कर्ज झेपणारा असतो, हेही त्यानंच सांगितलं. रॉजर्सचं जाडजूड पुस्तक याच मुद्द्याभोवती फिरतं, ते त्याला नंतर दिलं.

आपल्याकडची अशी उदाहरणं कुणीतरी बसून नीट लिहायला हवीत. विद्यापीठांत दरवर्षी शेकडो लघुप्रबंध होतात, त्यातले बरेचसे 'समाजमाध्यमांचा युवकांवरील परिणाम' या एकाच विषयावर. प्रश्नावली मित्रांच्या ग्रुपवर फिरवायची, शंभर उत्तरं गोळा करायची, रंगीत चकत्या काढायच्या. द्राक्षावर एकही पाहिला नाही.

*

जाहिरात हा पेपर मुलं सोपा समजून घेतात. यंदा सुरुवात बाबासाहेब आंबेडकरांच्या 'मूकनायक'नं केली. ३१ जानेवारी १९२० रोजी पहिला अंक निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'नं छापली नाही, असं बाबासाहेबांनी पुढे नोंदवलं आहे. कुणाचे पैसे घ्यायचे नाहीत हेही धोरण असतं, आणि ते जातीवर ठरू शकतं, हे 'माध्यम नियोजन' या प्रकरणात कुठेच लिहिलेलं नाही. इतिहासाच्या पेपरातही असंच काही गाळलं जातं. 'दीनबंधू' १८७७ चा. तो पुढे तानुबाई बिर्जे यांनी चालवला, एका बाईनं, विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात. प्रश्नपत्रिकेत जांभेकरांचा 'दर्पण' दरवर्षी येतो, तानुबाई आल्याचं आठवत नाही.

*

माहितीचा अधिकार. महाराष्ट्रानं हा कायदा २००२ मध्येच केला होता, देशाचा २००५ चा. प्रत्येकाला एक अर्ज सक्तीचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. राज्याच्या नियमातली ही मर्यादा नागरिकांच्या दृष्टीनं वाईटच, पण माझ्या वर्गाला मात्र तिनं उपकृत केलं आहे. दीडशे शब्दांत नेमका कागद मागायला शिकणं म्हणजे अर्धी बातमीदारी. "रस्त्यांची अवस्था वाईट का आहे?" असं विचारलं तर उत्तर येणार नाही. "अमुक रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका द्या" म्हटलं तर आलं तर येईल.

उत्तराला तीस दिवस, मग पहिलं अपील. तोवर सत्र संपतं, गुण भरून होतात. एकीनं आपल्या भागातले गतिरोधक कुणाच्या परवानगीनं बांधले ते विचारलं होतं. उत्तर आलं, "सदर माहिती अभिलेखात आढळून येत नाही." ती हिरमुसली. तिला म्हटलं, हीच तर बातमी आहे, परवानगीचा कागद नसलेले गतिरोधक. तिनं ती लिहिली आणि बरी लिहिली.

*

नीतिमत्तेच्या तासाला पेड न्यूज. २००९ च्या निवडणुकांनंतर प्रेस कौन्सिलनं दोघा सदस्यांची उपसमिती नेमली. त्यांच्या सविस्तर अहवालात वृत्तपत्रांची नावं होती. कौन्सिलनं २०१० मध्ये आधी त्याचा आटोपशीर सारांशच पुढे केला. मूळ अहवाल २०११ मध्ये बाहेर आला, तो माहिती आयोगाच्या आदेशानं. म्हणजे पुन्हा दहा रुपयांचा अर्ज.

हे सांगत असताना एक मुलगा उठून म्हणाला, "माझे काका तालुक्याचे बातमीदार आहेत. पेपरची एजन्सी त्यांचीच. नेत्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीला जाहिराती त्यांनाच आणाव्या लागतात, घर त्या कमिशनवर चालतं. त्यांनी त्याच नेत्याविरुद्ध लिहायचं का?" अभ्यासक्रमात या प्रकरणाला आठ तास आहेत आणि या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. माझ्याकडेही नव्हतं. काकांना एकदा वर्गात बोलवू या, एवढं म्हणालो. ते आले, दीड तास बोलले. कुणाचं नाव न घेता तालुक्याचं सगळं अर्थकारण फळ्यावर मांडलं. जाताना म्हणाले, "हे छापू नका."

*

इंटर्नशिप. दोघींना एका वाहिनीनं दोन महिने दुसऱ्यांचे व्हायरल व्हिडिओ शोधून त्यावर मथळे चढवायला बसवलं, पगार नाही, प्रमाणपत्र आहे. एकाला जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर रात्रपाळी मिळाली. पहिले आठ दिवस तो रडकुंडीला आला होता. आता तालुक्याहून आलेल्या अपघाताच्या बातमीत मृतांचा आकडा मथळ्यात एक आणि मजकुरात दुसरा असला की त्याला लांबून दिसतो. तिघांनाही गुण सारखेच द्यावे लागले, कारण गुण प्रमाणपत्रावर आहेत.

*

पुढच्या सत्रासाठी: जिल्हा न्यायालयात नेणे. आधी एक तास शब्दांचा. अटक, कोठडी, आरोपपत्र, आरोपनिश्चिती, दोषसिद्धी यांतला फरक पाठ झाल्याशिवाय न्यायचं नाही. आरोपीला 'गुन्हेगार' लिहिणाऱ्याचे दोन गुण कापायचे. पॉक्सोच्या खटल्यात मुलाचं नावच नव्हे, तर शाळा, गल्ली, नातेवाईक, ओळख पटेल असं काहीही लिहायचं नाही. हे कलम २३ फळ्यावर लिहून ठेवायचं आणि सत्रभर पुसायचं नाही. स्टुडिओचे दोन तास त्यासाठी मागावे लागतील. विभागप्रमुख नाही म्हणतील, तेव्हा दुपारी दोनचेच घेऊ.