किती भरलं?

“किती भरलं?” हा प्रश्न मी जन्मभर ऐकत आले. लहानपणी मानवतच्या मोंढ्यात शेतकरी तो माझ्या वडिलांना विचारायचे. पुढे बाळंतिणी मला विचारू लागल्या.

वडील मापाडी. ज्वारी, मूग, तुरीची पोती काट्यावर चढायची. एका बाजूला अडत्या, दुसऱ्या बाजूला शेतकरी, दोघांची नजर काट्यावर. बारदान्याच्या नावाखाली पोत्यामागे कडता कापायची रीत होती. बारदाना भरतो त्याहून जास्त कापलं तरी ती कुणाला चोरी वाटत नसे. वडील रिकामं पोतं आधी तोलत आणि तेवढंच वजा करत. काही अडतींवर त्यामुळे त्यांना काम मिळेनासं झालं. आई कुरकुरली की ते पवित्र शास्त्र काढून तिला अनुवादाचा पंचविसावा अध्याय वाचायला लावत. थैलीत लहान-मोठी दुहेरी वजनं बाळगू नयेत, अशी तिथे आज्ञा आहे.

आमचं घराणं जालन्याकडचं. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं, तिथे मांग-महार कुटुंबं ख्रिस्ती होऊन राहिली. त्यांतलंच एक आमचं. ज्यांच्या पदरात खळ्यावर कधी कुणी पुरतं माप घातलं नाही, त्यांच्या नातवाला त्या एका आज्ञेचं एवढं का वाटावं, हे मला फार उशिरा उमगलं.

मी नर्सिंग शिकले मिरजेला, डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयात. तिथे दिवस प्रार्थनेने उजाडायचा, पण प्रार्थना खरी की तोंडदेखली हे वॉर्डात कळायचं. तेव्हा आम्हा मुलींच्या तोंडी आरोळे दाम्पत्याचं नाव असे. वेल्लोरला शिकून रजनीकांत आणि मेबल आरोळे 1970 मध्ये जामखेडला आले, आणि गावातल्या, कित्येकदा निरक्षर अशा बायकांना त्यांनी आरोग्य सेविका म्हणून उभं केलं. 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो या कामाला. श्रद्धा कामात कशी उतरते याचं आमच्या भागातलं इतकं सरळ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

मग गंगाखेड तालुक्यातलं उपकेंद्र. जन्मलेल्या बाळाचं वजन अडीच किलोच्या खाली गेलं की ते ‘कमी वजनाचं’ ठरतं. मग जास्तीच्या गृहभेटी, आशाताईंचा पाठपुरावा, मासिक बैठकीत जाब. म्हणून रजिस्टरं चाळली की अडीचचा आकडा नको तितका भेटतो. दोन किलो चारशे ग्रॅमचं अडीच करायला पेनाचा एक फटकारा पुरतो, आणि आईला वाईट वाटायला नको असं कारणही हाताशी असतंच.

मी बाळाआधी दुपटं तोलते. काटा शून्यावर आणते आणि दिसेल ते लिहिते. एका वरिष्ठांनी भर बैठकीत विचारलं, “सगळी किडकिडीत पोरं तुमच्याच उपकेंद्रात कशी जन्मतात?” मी मातांच्या हिमोग्लोबिनचे आकडे त्यांच्यापुढे ठेवले. सात, साडेसात. सहा-सहा महिने उसाच्या फडावर मोळ्या वाहून परतलेल्या या बायका. त्यांच्या पोटचं पोर तीन किलोचं कुठून होणार? 1,750 ग्रॅमचं बाळ मी दोन किलोचं म्हणून लिहिलं असतं, तर त्याला परभणीच्या नवजात कक्षात पाठवायचं कारणच उरलं नसतं. त्याच्या वाट्याची ऊब, त्याच्या वाट्याची भेट, सगळं त्या कडत्यात गेलं असतं.

गावात मी ख्रिस्ती आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. रविवारी कळा सुरू झालेली बाई आली तर उपासना राहते. त्याचं मला कधी ओझं वाटलं नाही. बाळंतिणीच्या खाटेशी मी मोठ्याने प्रार्थना करत नाही. येशूचं नाव तिने माझ्याकडून ऐकावं की नाही हे तिने ठरवावं. माझ्या रजिस्टरातला आकडा मात्र खराच असला पाहिजे. तो तिच्या हक्काचा आहे, आणि त्याचा जाब मला बैठकीतल्या साहेबांहून वर द्यायचा आहे.

उन्हाळ्यात ऊसतोडीच्या टोळ्या परततात. फडावर, कोपीत जन्मलेली पोरं कडेवर असतात. आयांना तारीख आठवते, वजन कुणी केलेलंच नसतं. “लिहा की सिस्टर अडीच,” असं बरोबरची सासू म्हणते. जन्मवजनाच्या रकान्यात मी आडवी रेघ ओढते, खाली ‘वजन केलेले नाही’ असं लिहिते, आणि पोराला झोळीत घालून आजचं वजन तारखेसकट शेजारी नोंदवते.