सहा इंचांचा सोहळा

केक आपण किलोत मागतो आणि इंचांत भाजतो. बेकरीत काचेपलीकडे बोट दाखवून ‘अर्धा किलो द्या’ म्हणणारं माणूस घरी करायला बसलं, की त्याला पहिल्यांदा कळतं, डब्याला किलो नसतो, व्यास असतो. सहा इंच, आठ इंच, दहा इंच. वजन ही विकणाऱ्याची सोय, व्यास ही भाजणाऱ्याची कटकट. घरगुती केक शिकवणारे सहा इंचांचा डबा हातात देतात तो पाटी-पेन्सिलीसारखा. हात बसेपर्यंत हा वापरा, मग आठ इंच, मग एकावर एक रचलेला टू टिअर, आणि एक दिवस लग्नाच्या ऑर्डरी. ज्याला धंदा करायचा आहे त्याने ही शिडी जरूर चढावी. पण कुणाचा वाढदिवस आहे, कुणी दहावी पास झालं आहे, किंवा काही कारण नसताना घरात आनंद आहे, म्हणून थरांचा केक करायचा असेल, तर सहा इंच हे शिकाऊ माप मानू नये. माझ्या मते घरासाठी तेच शेवटचं माप आहे.

पहिली साक्ष भूमितीची. सहा इंच व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस इंच, आठ इंचांचं ५०. दोनच इंच तर वाढले म्हणून आपण गाफील राहतो आणि मिश्रण मात्र पावणेदोन पट लागतं. शिवाय स्पंज उष्णता फार सावकाश आत घेतो. डब्याची कड तापते, कडेचं मिश्रण आधी धरतं, मधलं ओलंच राहून फुगत जातं. केकच्या डोक्यावर घुमट येतो तो यामुळेच. दहा इंचांच्या नि त्याहून मोठ्या डब्यांत व्यावसायिक लोक मधोमध धातूची कांडी उभी करतात, आच गाभ्यापर्यंत पोचावी म्हणून. सहा इंचांत कडेपासून गाभा तीनच इंचांवर असतो, त्यामुळे दोघं जवळजवळ एकदमच शिजतात. प्रमाणही लक्षात ठेवायला सोपं. दोन अंडी तोलायची. ती भरतील तेवढंच लोणी, तेवढीच साखर, तेवढाच मैदा, म्हणजे प्रत्येकी शंभर-एकशेदहा ग्रॅम, आणि चमचाभर बेकिंग पावडर. व्हिक्टोरिया स्पंजची ही जुनी ब्रिटिश घरगुती रीत. १७० ते १८० अंशांवर, दोन डब्यांत वाटून भाजलं तर पंचवीसेक मिनिटं, एकाच उंच डब्यात चाळीस-पंचेचाळीस.

पण खरी गोम थरांत आहे. थर आपल्याला नवे नाहीत. चिरोट्यात साट्याचं काम पोळ्यांना एकमेकींपासून लांब ठेवण्याचं. तूप आणि तांदळाचं पीठ मध्ये आलं की तळताना पदर सुटतात, आणि ‘पदर छान सुटलेत’ ही चिरोट्याला मिळणारी मोठी शाबासकी. गोव्याच्या बेबिंकाची तऱ्हा उलटी. अंड्यांचे बलक, नारळाचं दूध, साखर, मैदा आणि तूप. एक थर ओतायचा, वरून आच देऊन तांबूस करायचा, त्यावर पुढचा ओतायचा, असं सात वेळा, आणि हौस दांडगी असेल तर सोळा वेळा. तिथे थरांना विस्तव सांधतो आणि करणाऱ्याला चुलीपासून हलता येत नाही. २०२३ साली या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या बसून राहण्यालाच ते मिळालं असं मला वाटतं. केकचे थर या दोन्ही जातींचे नव्हेत. ते आधी एका अंगाचे असतात, मग सुरीने वेगळे होतात आणि गारव्यात पुन्हा जुळतात.

म्हणून थरांच्या केकला आच एकदाच लागते आणि पुढचं सगळं काम थंडाव्याचं. गरम स्पंज कापायला घेतला तर भुगा होतो, त्यावर क्रीम लावलं तर ते पाघळतं आणि वरचा थर बाजूला घसरतो. केक पूर्ण निवला पाहिजे, जमल्यास गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये राहिला पाहिजे; मग पाव कापायच्या करवती सुरीला तो सरळ वाट देतो. पुढे साखरेचं पाणी, क्रीम, थर, पुन्हा क्रीम, थर, आणि पुन्हा फ्रिज. मग अंगभर पातळ लेप, ज्यात उडालेला भुगा अडकून राहतो. घरोघरचे केक करणारे त्याला क्रम्ब कोट म्हणतात. पुन्हा फ्रिज. मग शेवटचं लिंपण. हात चालतात दीड-दोन तास, बाकी रात्र धरून दहा-बारा तास नुसतं थांबणं. आपल्या सणाच्या रांधण्याला ही गत सवयीची नाही. पुरणपोळी तव्यावरून पानात यावी, मोदक चाळणीतून, तुपाची धार पडताना वाफ निघाली पाहिजे. गरमागरम असण्याचा तो सारा अभिमान केकला सोडावा लागतो.

आणि थांबायचं म्हणजे कुठे? घरच्या फ्रिजमध्ये. तो काही बेकरीचं काचेचं कपाट नव्हे. त्यात दुधाचं पातेलं असतं, विरजण असतं, डोशाचं पीठ असतं, निवडलेली मेथी आणि कालची आमटी असते. या संसारात केक तीन-चार वेळा आतबाहेर करायचा. सहा इंचांचा केक एका कप्प्यात, उलट्या पातेल्याखाली मावतो आणि त्याला मेथीचा वास लागत नाही. आठ इंचांसाठी आमटीला बाहेर पडावं लागतं. दहा इंचांसाठी कप्पाच काढावा लागतो, आणि कप्पा काढावा लागणाऱ्या घरात केकच्या नावाने कुणीतरी बोटं मोडतंच.

‘कशाला हा खटाटोप? अर्ध्या तासात केक घरपोच येतो,’ असं कुणी म्हणेल. हा आक्षेप खरा आहे आणि पैशाच्या हिशेबात त्याला माझ्याकडे उत्तर नाही. लोणी, क्रीम, वीज आणि वेळ मांडली तर घरचा केक स्वस्त पडत नाही. पण दुकानच्या केकवर एक सक्ती असते, उभं राहण्याची. कपाटात दिवस काढायचा आणि मग स्कूटरवरून उन्हातून जायचं. त्यामुळे बऱ्याच बेकऱ्यांत वनस्पतिजन्य तेलावर प्रक्रिया करून बनवलेलं नॉन-डेअरी क्रीम वापरतात. ते चटकन फुलतं, त्याची फुलं तासन्‌तास मान ताठ ठेवतात. यात लबाडी काही नाही, उष्ण मुलखातल्या धंद्याची ती गरज आहे. फक्त ते जिभेवर लवकर विरघळत नाही, टाळूला मेणासारखं धरून राहतं. दुधाचं क्रीम फार हळवं. फेटून उभं राहायला त्यात निदान ३० टक्के स्निग्धांश लागतो. साधं फ्रेश क्रीम म्हणून मिळतं ते २५ टक्क्यांचं, ते कितीही फेटा, उभं राहायचं नाही. भांडं, क्रीम, फेटणी सगळं थंड हवं. थोडं जास्त फेटलं की ते दाणेदार होतं, आणखी फेटलं की लोणी वेगळं, पाणी वेगळं. (केकवाल्यांच्या दृष्टीने ही फजिती. रवी फिरवणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या याच फजितीसाठी पहाटे उठत.) त्यातलं लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, आणि मे महिन्यातली मुंबईची दुपार काही त्याहून फार वेगळी नसते. अशा क्रीमला प्रवास परवडत नाही. घरच्या केकला प्रवास असतोच कुठे? फ्रिज ते टेबल, दहा पावलं. दुकानाला जो हळवेपणा परवडत नाही तो घराला परवडतो, पण केक एका बैठकीत संपणारा असेल तरच.

सजावटीतही आकाराचं गणित शिरतं. सहा इंची आणि चार इंच उंच केकच्या माथ्याला २८ चौरस इंच जागा, तर भोवतालच्या भिंतीला ७५. आपण जीव ओततो माथ्यावरच्या गुलाबांवर आणि पाहणाऱ्याला समोर दिसते भिंत. ती पॅलेट नाइफ टेकवून, फिरत्या चकतीवर गुळगुळीत करता आली की अर्ध्याहून अधिक सजावट झाली. माथा लहान असल्याने हावरटपणाही करता येत नाही. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ सहा इंचांत मावत नाही, आणि मावलं तरी ‘च्छा’ क्रीमच्या कोनातून सुबक उतरत नाही. मग नुसतं नाव लिहावं. देवनागरी इथे मदतीला येते. आधी शिरोरेखा ओढून घ्यावी आणि अक्षरं तिला टांगावीत. ओळ वाकडी होत नाही. मेंदीचा कोन ज्या हाताने धरला आहे त्याला पायपिंग बॅग निराळी शिकवावी लागत नाही. दाब तोच, टोक उचलण्याची लकबही तीच.

यावर घरातली वडीलधारी माणसं म्हणतील, सोहळा म्हणजे माणसं, आणि आठ-दहा तुकड्यांचा कसला सोहळा? आपल्या पंगतीची चाल मोठ्या मनाची आहे, हे खरं. पण तिचं पक्वान्न बघा. मोदक, लाडू, जिलबी, पुरणपोळी. प्रत्येकाला अख्खं मिळतं, नग मोजून. केकचं अंग एकच, त्यातून सगळ्यांना वाटाच मिळायचा. आणि थर दिसतात ते पहिल्या कापाला, तेही सुरीजवळ उभ्या असलेल्यांनाच. टेबलाभोवती जेवढी माणसं दाटीवाटीने उभी राहतात, तेवढंच थरांच्या केकचं खरं गणगोत. पन्नास माणसं असतील तर बिनक्रीमचा मावा केक मागवावा. इराणी बेकऱ्यांनी तो मुंबई-पुण्यात घराघरांत पोचवला आहे, आणि त्याला ना थरांची गरज ना फ्रिजची.

उरलेल्या केकचं काय होतं, याची तक्रार तर फार जुनी. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाने १९०६ च्या डिसेंबरात ‘नेचर’ या नियतकालिकाला पत्र लिहून गोल केक कापण्याची शास्त्रीय पद्धत सुचवली होती. (याच गृहस्थाच्या वंशसुधारणेच्या कल्पनांनी पुढे जगाचं बरंच नुकसान केलं, केकपुरतं मात्र डोकं ठिकाणावर होतं.) त्याचा प्रश्न होता सुमारे पाच इंचांच्या केकचा आणि बेताची भूक असलेल्या दोन माणसांचा. त्रिकोणी तुकडा काढला की दोन कापलेल्या बाजू उघड्या पडून वाळतात. म्हणून मधोमध दोन समांतर काप घेऊन मधली पट्टी खावी आणि उरलेले भाग जवळ आणून रबरबँड लावून ठेवावेत. पाच इंचांचा केकही दोघांना दिवसेंदिवस पुरत असेल, तर चौघांच्या घरात आठ इंचांचा किती दिवस पडून राहील? आणि क्रीम लावलेल्या केकला रबरबँड लावून बघावाच कुणी.

केक परका आहे, अंड्याचा आहे, त्यावर दिवा विझवतात, हे आक्षेप मी लवकर आटोपतो. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने १८३७ मध्ये अंड्याविना कस्टर्ड आणि १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली ती पत्नीला अंडी आणि यीस्ट सोसत नसे म्हणून; तेव्हा अंडं नको म्हणणारे आपण एकटे नाही. आपल्याकडे दही आणि खायचा सोडा तेच काम करतात. दह्याचं आम्ल सोड्याला भेटलं की वायू सुटतो, ढोकळ्यात सुटतो तसाच, आणि मिश्रण लगोलग भाजायला लागतं. अंड्याचा आधार नसलेला स्पंज जरा ठिसूळ होतो, उचलताना मधून तुटतो. लहान असेल तर तुटत नाही, हे माझ्या बाजूचं आणखी एक कारण. राहिली मेणबत्ती. ती केकच्या साहित्यात कुठेही नाही. निरांजनाने औक्षण करावं आणि मग सुरी हातात द्यावी.

आता माथ्यावरच्या लाल चेरीबद्दल. आपल्याकडे बरणीत त्या नावाने मिळते ती बरेचदा चेरी नसतेच. बी काढून, रंगवून, पाकात मुरवलेलं ते करवंद असतं, जशी टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. तेव्हा उन्हाळ्यात केक करणार असाल तर बरणी उघडू नका. सह्याद्रीच्या घाटांत रस्त्याकडेला बायका पानांच्या द्रोणांतून डोंगरची काळी मैना विकत असतात. तीच घ्या, धुऊन कोरडी करा आणि वाढायच्या अगदी आधी ठेवा, कारण तिचा जांभळा रस क्रीमवर उतरतो. सहा इंचांच्या केकला सात-आठ पुरतात.