ज्वाँव्हीलचा नकार

इतिहासातल्या पराक्रमी पुरुषांविषयी मला आदर वाटतो, जिव्हाळा मात्र वाटत नाही. त्यांना भीती वाटत नाही, थंडी वाजत नाही, घरची आठवण येत नाही. अशा माणसाशी बोलायचे तरी काय? म्हणूनच ज्याँ द ज्वाँव्हील हा तेराव्या शतकातला फ्रेंच सरदार सुटीतल्या एका दुपारी इंग्रजी भाषांतरातून भेटला, तेव्हा जुना शेजारी भेटावा तसे झाले.

हा शांपान्य प्रांताचा वंशपरंपरागत सेनेशाल, म्हणजे तिथल्या दरबारचा मोठा मानकरी. जन्म १२२४ च्या सुमाराचा. फ्रान्सचा राजा नववा लुई १२४८ मध्ये धर्मयुद्धाला निघाला, तेव्हा हाही निघाला. वय चोविशीच्या आतबाहेर. घरी दोन मुले, त्यांतले एक नुकतेच जन्मलेले. निघण्यापूर्वी त्याने आपल्या लोकांना बोलावून सांगितले, माझ्याकडून कुणावर अन्याय झाला असेल तर बोला, भरपाई करतो. जमिनी गहाण टाकल्या. मग अनवाणी, अंगात नुसता सदरा, अशा वेषात तो आसपासच्या तीर्थस्थानांना गेला. जाताना त्याने आपल्या गढीकडे एकदाही वळून पाहिले नाही. का? तर काळीज द्रवेल या भीतीने! हे तो स्वतःच लिहून ठेवतो. वीरपुरुषाने असे काही लिहायचे नसते, हे त्याला बहुधा कुणी सांगितले नव्हते.

मोहिमेचे पुढे व्हायचे तेच झाले. १२४९ मध्ये इजिप्तमधले दमिएत्ता हाती आले आणि १२५० मध्ये मन्सूऱ्याहून माघार घेताना राजासकट सारे कैद झाले. कैदेत एकदा आता माना उडणार अशी वेळ आली. तेव्हा शेजारच्या सरदाराने गुडघे टेकून ज्वाँव्हीलपाशीच आपल्या पापांची कबुली दिली. यानेही देवाच्या नावाने त्याला क्षमा केली. पण उठून पाहतो, तर ऐकलेल्यातले एक अक्षर आठवेना! भीतीचे इतके खरे वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही.

जबर खंडणी ठरून सुटका झाली. मग आक्र बंदरात मसलत बसली. बहुतेक सरदारांचे मत मायदेशी परतावे असे. ज्वाँव्हील म्हणाला, गरीब सैनिक अजून कैदेत आहेत, त्यांना टाकून कसे जायचे? सगळे त्याच्यावर उलटले. जेवताना राजाही त्याच्याशी बोलला नाही. हिरमुसला होऊन तो खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून उभा राहिला. इतक्यात मागून कुणी तरी खांद्यावर रेलले आणि डोक्यावर दोन्ही हात ठेवले. चेष्टा करणारा कुणी सरदार असेल म्हणून हा वैतागला. मग त्या बोटातली पाचूची अंगठी त्याला दिसली. तो राजा होता. राजा राहिला आणि ज्वाँव्हीलही राहिला, थेट १२५४ पर्यंत.

अशी ही मैत्री. एकाने साधुत्वाकडे झुकावे आणि दुसऱ्याने जमिनीवर राहावे. कुष्ठरोग बरा की घोर पाप बरे, असे राजाने एकदा विचारले, तर हा पठ्ठ्या म्हणाला की एक सोडून तीस पापे परवडली! राजाने दुसऱ्या दिवशी पायाशी बसवून त्याची समजूत घातली.

आणि म्हणूनच १२६७ ची गोष्ट मला चटका लावते. राजाने पुन्हा धर्मयुद्धाची शपथ घेतली आणि ज्वाँव्हीलला बरोबर बोलावले. तो नाही म्हणाला. मागच्या खेपेला आपण दूर असताना राजाच्याच अंमलदारांनी आपली रयत नागवली. देवाची सेवा करायची तर ती घरी राहून, या लोकांना सांभाळून करीन, असे त्याने स्पष्ट सांगितले. राजाला जायचा सल्ला देणाऱ्यांनी पाप केले, असेही त्याचे मत होते. कारण राजाच्या अंगात घोड्यावर बसण्याचेही त्राण उरले नव्हते. पॅरिसमध्ये एका घरापासून फ्रान्सिस्कनांच्या मठापर्यंत ज्वाँव्हीलने त्याला दोन्ही हातांवर उचलून नेले आणि तिथे त्याचा निरोप घेतला. २५ ऑगस्ट १२७० रोजी ट्यूनिसजवळ राजा वारला.

मी कधी कुणाला असे उचलले नाही. पण एकदा नाही म्हणालो आहे. ज्यांनी मला शिकवले, ते सर एका लहान गावी नवे कॉलेज काढत होते. "तू ये, मराठी तुझ्यावर सोपवतो," म्हणाले. वडील अंथरुणाला खिळलेले. मी गेलो नाही. सर रागावले नाहीत, "बरोबर आहे तुझे," म्हणाले. दोन वर्षांनी ते गेल्याची तार नव्हे, फोन आला. माझे बरोबर होते हे मला आजही ठाऊक आहे, आणि त्याचा उपयोग काही होत नाही.

ज्वाँव्हील पुढे जवळजवळ पन्नास वर्षे जगला. १३१७ मध्ये, नव्वदी उलटल्यावर वारला. राणी झानच्या आग्रहावरून त्याने राजाच्या आठवणी सांगितल्या. ग्रंथ १३०९ मध्ये पुरा झाला, तेव्हा राणीही हयात नव्हती. त्यात शेवटाकडे त्याने आपले एक स्वप्न नोंदवले आहे. राजा त्याच्या गढीतल्या देवळापुढे उभा आहे, मोठा आनंदात. हा म्हणतो, इथून निघालात की शेव्हियोंच्या माझ्या घरी तुमची सोय करतो. राजा हसून म्हणतो, इथून लवकर जायची माझी इच्छा नाही. जागा झाल्यावर ज्वाँव्हीलने त्या देवळात राजाच्या नावाची वेदी उभारली.

सर अजून माझ्या स्वप्नात आलेले नाहीत.