अंतर तेवढंच, वजन जास्त

टोरोंटोच्या पश्चिमेला मिसिसागा आहे. नकाशावर वेगळं शहर, वस्ती मात्र सलग. मुलुंड कुठे संपलं नि ठाणं कुठे सुरू झालं हे जसं फक्त टोलनाक्यावरून कळायचं, तसंच. इथे गाडीवाचून आठवडा निघत नाही. दूध, शाळा, ऑफिस, गणेशोत्सवाच्या एकांकिकेची तालीम, सगळं गाडीनं. त्यामुळे 2024 मध्ये जुनी गाडी काढायची वेळ आली तेव्हा घरात बरेच दिवस दुसरा विषय नव्हता. पूर्ण इलेक्ट्रिक नको, यावर एकमत होतं. हिवाळ्यात साडेपाचशे किलोमीटरवरच्या मॉन्ट्रियलला जाताना वाटेत चार्जर शोधत फिरायची आमची तयारी नव्हती. उरल्या दोन प्लग-इन हायब्रिड, दोन्ही टोयोटाच्या: बुटकी प्रायस आणि उंच रॅव्ह-फोर.

प्लग-इन म्हणजे रात्री भिंतीच्या सॉकेटला लावायची, दिवसाचे पहिले साठ-सत्तर किलोमीटर विजेवर काढायचे आणि वीज संपली की पेट्रोलवर पुढे जायचं. मुक्काम चुकण्याची भीती नाही.

या दोन गाड्यांचे आकडे शेजारी ठेवले तेव्हा मी थबकलो. 2024 च्या मॉडेलांत प्रायसची बॅटरी 13.6 किलोवॅट-तासांची, तेवढ्यावर तिचं साधं व्हेरियंट 72 किलोमीटर जातं. रॅव्ह-फोरची 18.1 ची, आणि ती जाते 68. म्हणजे एक तृतीयांशानं मोठी बॅटरी उचलून एसयूव्ही चार किलोमीटर आधीच थांबते. जादा वीज जाते ती गाडीचं तीन-साडेतीनशे किलो जास्तीचं वजन ओढण्यात आणि उंच, रुंद तोंडानं हवा कापण्यात. वीज संपल्यावरही तेच: शंभर किलोमीटरला प्रायस साडेचार लिटरच्या आसपास पेट्रोल पिते, रॅव्ह-फोर सहाच्या आसपास. भारतातल्या हिशेबानं लिटरला 22 आणि 16.

बर्फाचा मुद्दा इथे प्रत्येक जण काढतो. रॅव्ह-फोरची चारही चाकं फिरतात, प्लग-इन प्रायसची फक्त पुढची दोन. पण बर्फावरून निघणं वेगळं आणि थांबणं वेगळं. चारही चाकं फिरली की गाडी चटकन हलते. ब्रेक दाबल्यावर मात्र ती टायरच्या रबरावरच थांबते. शेजारच्या क्यूबेक प्रांतात डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत हिवाळी टायर सक्तीचे आहेत. आमच्या ऑन्टारिओत सक्ती नाही, पण ते लावले तर विम्यात सूट मिळते. बर्फासाठी म्हणून एसयूव्ही घ्यायची आणि टायर मात्र बारमाही ठेवायचे, हा प्रकार मला घातक वाटतो.

एवढं होऊन आम्ही एसयूव्हीच घेतली. कारण बाबांचे गुडघे. आई-बाबा उन्हाळ्यात मुलुंडहून येतात. त्या वर्षी शोरूममध्ये बाबांना दोन्ही गाड्यांत बसवून पाहिलं. 2023 पासूनची प्रायस आधीपेक्षाही बुटकी झाली आहे. बाबा तिच्यात बसले सहज, पण उतरताना एक हात दाराला, दुसरा माझ्या खांद्यावर. रॅव्ह-फोरमधून ते नुसते वळले आणि उभे राहिले. मग आकडेमोड बाजूला ठेवली. ज्यांच्या घरी असा प्रश्न नसेल त्यांनी मात्र बुटकीच घ्यावी, हे माझं मत अजून कायम आहे.

शोरूममधून निघताना बाबांनी एकच विचारलं, "ही आपल्याकडे घेतली तर वायर कुठून आणायची रे?"

प्लग-इनचा सगळा खेळ त्या वायरीवर आहे. युरोपीय आयोगानं 2024 मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांची नोंदलेली आकडेवारी तपासली, तेव्हा प्लग-इन गाड्यांचं प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. मोठं कारण हेच, की लोक त्या पुरेशा चार्ज करत नाहीत. इथे माझ्या घराला लागून सॉकेट आहे. 2023 पासून ऑन्टारिओत रात्री 11 ते सकाळी 7 अगदी स्वस्त विजेचा दर निवडता येतो. त्या विजेत मोठा वाटा अणुविजेचा आहे. कोळसा या प्रांतानं 2014 मध्येच बंद केला. घराला लागून सॉकेट असलेल्या कुणालाही रात्री गाडी लावून झोपणं इथे जमतं.

मुलुंडमध्ये ते जमत नाही, आणि याचीच मला चुटपुट लागते. कारण ही गाडी खरं तर आपल्या उपनगरांना शोभावी अशी आहे. मुलुंडहून बीकेसीला जाऊन परत यायचं म्हणजे चाळीसेक किलोमीटर. बोरिवली-अंधेरी तर त्याहून कमी. आठवडाभर पूर्व द्रुतगती मार्गावर किंवा एलबीएस रोडवर रेंगाळताना इंजिन बंद राहील, धूर शून्य. आणि गणपतीत संगमेश्वरला निघालात की मुंबई-गोवा महामार्गाच्या कोंडीत चार्जरच्या रांगेची चिंता नाही. रोज थोडं, वर्षातून एकदोनदा खूप लांब, असंच तर आपल्याकडचं गाडीचं आयुष्य असतं.

पण भारतात ती घेणार कशी? व्होल्वोनं 2016 मध्ये एक्ससी90 ची प्लग-इन आणली, बीएमडब्ल्यूनं 2022 च्या अखेरीस एक्सएम. दोन्ही कोटीच्या वर. इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड आहे, पण तिला प्लग नाही. बॅटरीवरच्या गाडीला जीएसटी 5 टक्के, मोठ्या हायब्रिडला मात्र आधी उपकरासह 43 आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 40. रोजचं अंतर विजेवर काढणाऱ्या गाडीला पेट्रोलच्या मोठ्या गाडीच्याच पंगतीत बसवणं मला चुकीचं वाटतं. जी गाडी रोज चार्ज होते तिला सवलत द्या, हवं तर चार्जिंगची नोंद मागा. मुंबईच्या हवेसाठी उच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचा अभ्यास करायला सांगितलं. त्या अभ्यासात या मधल्या पायरीलाही जागा हवी.

कर उद्या बदलेलही. इमारत एकदा उभी राहिली की पुढची चाळीस वर्षं बदलत नाही, म्हणून मला जास्त काळजी तिची. मुलुंड पूर्वेला ताईची तीन मजली सोसायटी पुनर्विकासाला जाते आहे. घाटकोपरच्या पंतनगरपासून बोरिवलीपर्यंत हेच चाललं आहे. नव्या टॉवरांत बऱ्याच ठिकाणी यांत्रिक पार्किंग येतं, एकावर एक गाड्या चढवणारं. तिथे बिल्डरनं सुरुवातीलाच सोय केली नाही तर तिसऱ्या थरावरच्या गाडीपर्यंत वायर नेणार कोण? राज्याच्या 2021 च्या धोरणात नव्या निवासी इमारतींतलं किमान 20 टक्के पार्किंग चार्जिंगसाठी तयार ठेवायचं म्हटलं होतं; 2025 मध्ये ते धोरण बदललं. मला तो आकडा फार तोकडा वाटायचा. पाचातल्या एकाला सॉकेट मिळालं तर उरलेले चार पुढची गाडी पेट्रोलचीच घेतील. आणि लागतं किती? गीझरचं असतं तसं 15 अँपिअरचं सॉकेट. प्रायस असो की रॅव्ह-फोर, त्यावर रात्रीत भरेल.

भावोजींनी मला विचारलं होतं, पुढे कार घ्यावी की एसयूव्ही. मी त्यांना विकासकराराचा मसुदा पाठवायला सांगितलं. तो वाचून चार कलमं सुचवली आहेत: प्रत्येक पार्किंगपर्यंत वायरीसाठी रिकामी नळी, प्रत्येक फ्लॅटच्या मीटरला जोडता येईल अशी वेगळी लाइन, महावितरणकडून मंजूर भार घेतानाच त्यात चार्जिंगचा भार धरणं, आणि यांत्रिक पार्किंग असेल तर प्रत्येक पॅलेटवर सॉकेट. ताईच्या सोसायटीची सभा पुढच्या महिन्यात आहे. कमिटीतल्या दोघांना खर्चाची धास्ती आहे, म्हणून भावोजी आधी बिल्डरकडून त्याचा वेगळा आकडा मागवून घेणार आहेत.