उसने घड्याळ

आईच्या निधनानंतर चौकटीत कोणते छायाचित्र लावावे, यावरून आम्हा भावंडांत मतभेद झाला. तिचे तरुणपणीचे एकच छायाचित्र उरले आहे. मागे पडद्यावर रंगविलेली बाग नि कारंजे, मनगटावर स्टुडिओवाल्याचे घड्याळ, नजर दूर कोठेतरी लागलेली, एखाद्या बोलपटातील नायिकेसारखी! "ही आपली आई नव्हेच," धाकटा म्हणाला. आम्ही पाहिलेली आई चुलीपाशी नाहीतर वाडीत राबणारी. घड्याळ तिने उभ्या जन्मात वापरले नाही.

याच सुमारास एका पुस्तकात आम्ही सिंडी शर्मन या अमेरिकन कलावतीची कृष्णधवल छायाचित्रे पाहिली. १९७७ ते १९८० या काळात तिने अशी जवळजवळ ७० छायाचित्रे तयार केली. त्यांत ती स्वतःच आहे. कधी शहरात नवखी आलेली मुलगी, कधी स्वयंपाकघरातील गृहिणी, कधी सामान घेऊन रस्त्यावर एकटी उभी असलेली प्रवासी. पाहताच वाटते, हा चित्रपट आपण पाहिला आहे. परंतु तसा चित्रपट कधी निघालाच नव्हता! केशभूषा, प्रकाश आणि कॅमेऱ्याचा कोन एवढ्या आधारावर आपले मन उरलेली कथा रचते. छायाचित्रांना नावे नाहीत, केवळ क्रमांक आहेत. त्यामुळे कथा पुरी करण्याचे काम पाहणाऱ्यावरच येऊन पडते. १९९५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने हा संच विकत घेतला.

आपल्याकडे बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांनी १९९६ ते १९९८ या काळात मुंबईत 'फँटम लेडी ऑर किस्मत' ही छायाचित्रमालिका केली. 'हंटरवाली' (१९३५) गाजविणाऱ्या फिअरलेस नादियाला ती मानवंदना होती. मुखवटा घातलेली साहसी नायिका आणि तिची हरवलेली जुळी बहीण, दोन्ही भूमिका त्यांच्याच. येथेही दृश्ये आहेत, चित्रपट मात्र नाही.

आम्ही पुन्हा आईच्या छायाचित्राकडे वळलो. तेव्हा मावशीने एक गोष्ट सांगितली. स्टुडिओवाल्याने आईपुढे फुलांचा गुच्छ धरला होता. तो बाजूला सारून तिने घड्याळच मागून घेतले होते. बाग खोटी, कारंजे खोटे, घड्याळ उसने. परंतु ते मागणे तिचे स्वतःचे होते. घड्याळ पाहून घराबाहेर पडणारी कोणी बाई तिला व्हायचे होते काय? आम्ही कधी विचारले नाही. जो चित्रपट तिच्या वाट्याला आला नाही, त्याचे हे एकमेव दृश्य आमच्यापाशी आहे.

तेच छायाचित्र भिंतीवर लागले. खिळा धाकट्यानेच ठोकला.